लहरींचे लहरी मालक

मुंबईच्या हवेतून गाणं पाठवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग फर्माइशीवर झाला, आणि फर्माइश होती खुद्द गव्हर्नरांची. साल १९२१, महिना ऑगस्ट. सर जॉर्ज लॉइड पुण्यात मुक्कामी होते. त्यांच्या इच्छेखातर ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबईच्या कचेरीतून, टपाल-तार खात्याच्या मदतीने, संगीताचा खास कार्यक्रम हवेत सोडण्यात आला आणि साहेबांनी तो घाटावर बसून ऐकला. सांगणारा तोच, ऐकणारा तोच, प्रांतही त्याचाच. तेवढी एक फर्माइश वेळेवर पुरी झाली म्हणायची.

त्यानंतर मुंबईच्या रेडिओने गाण्याचा बाज किती वेळा बदलला याची गणती कठीण आहे. तो कुणाच्या सांगण्यावरून बदलला, हे मात्र दर वेळी नावानिशी सांगता येतं. त्यात इंग्रज अधिकारी आहेत, पुणेरी मंत्री आहेत, टूथपेस्टवाले आहेत, लिलाव पुकारणारं सरकार आहे आणि आता एक संगणक आहे. श्रोता कुठे आहे म्हणाल, तर तो दर वेळी निमूटपणे दुसरीकडे निघून गेलेला आहे.

रीतसर केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. मालक होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, म्हणजे खासगी. दीड किलोवॅटचं प्रक्षेपण, पोच जेमतेम अठ्ठेचाळीस किलोमीटर. कल्याणला ऐकू आलं तर आलं. तीन वर्षंही झाली नाहीत तोच, मार्च १९३०मध्ये, कंपनी अवसायनात निघाली आणि एप्रिलपासून सरकारने दुकान ताब्यात घेतलं. देशातली पहिली खासगी रेडिओ कंपनी मुंबईत जन्मली आणि मुंबईतच बुडाली. हा तपशील जपून ठेवा. पाऊणशे वर्षांनी खासगी रेडिओ पुन्हा आला तेव्हा तो कुणालाच आठवला नव्हता.

सरकारी झालेल्या त्या केंद्रात तीसच्या दशकात पाश्चात्त्य संगीताचाही विभाग होता, आणि १९३७पासून त्याचा प्रमुख होता वॉल्टर काउफमान, नाझींपासून जीव वाचवून मुंबईत पोचलेला ज्यू संगीतकार. आकाशवाणीची ती पहाटेची धून, तंबोऱ्यावर व्हायोलिन, ती त्याचीच असं बहुतेक जाणकार मानतात. सुरावट शिवरंजनीच्या वळणाची. निर्वासित माणूस, मुंबईचं केंद्र, आपला राग. ही धून कुणी फर्माइश करून मागवली नव्हती. ती कुठल्या चित्रपटात नव्हती, कुठल्या कंपनीच्या तबकडीवरून आणलेली नव्हती. केंद्रात पगारावर बसलेल्या माणसाने ती केली. आज नव्वदीच्या घरात गेलेली ही धून अजून वाजते, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तिच्या पुढेमागे वाजलेली हजारो हिट गाणी विस्मरणात गेली.

मग आली पेटीबंदी. मार्च १९४०पासून आकाशवाणीच्या सगळ्या केंद्रांवरून बाजाच्या पेटीला हद्दपार केलं. कारण काय, तर पेटीला मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ती परदेशी. आपल्या संगीताच्या शुद्धतेची ही काळजी वाहत होते कोण? पेटीविरुद्ध लेख लिहिणारे जॉन फोल्ड्झ, इंग्रज. बंदी आणली तेव्हा आकाशवाणीचे प्रमुख लायनेल फील्डन, बीबीसीतून आलेले. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नव्हती हे खरं. पण म्हणून शिक्षा झाली कुणाला? मराठी नाट्यसंगीताला. गोविंदराव टेंब्यांची बोटं ज्या सुरांवरून फिरली, ज्या पेटीवर ‘मानापमान’च्या चाली बसल्या, तीच पेटी मुंबई केंद्राच्या दाराबाहेर चपलांजवळ ठेवायची आणि आत जाऊन नाट्यपद गायचं. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. स्वातंत्र्य आलं, राज्यं बदलली, संयुक्त महाराष्ट्र झाला, पण साहेबाने पेटीवर लावलेलं कुलूप काढायला कुणाला सवड झाली नाही.

१९५२मध्ये माहिती व नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. जन्म पुण्याचा, शिक्षण पार पॅरिसपर्यंत, स्वतः शास्त्रीय गाण्याची तालीम घेतलेले. असा माणूस मंत्री झाला की नागरिकांनी सावध व्हावं. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही तो मंत्री गाणं तसंच राहू देतो. केसकरांना कळत होतं. चित्रपटसंगीत हे उथळ, पाश्चात्त्यांची नक्कल आणि संस्कृतीला बाधक, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर त्याचा वाटा दहा टक्क्यांवर आणला गेला. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, त्यांनी आपली गाणी काढून घेतली. झालं, चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. दिवसभर राग, आलाप आणि उदात्तता.

आता भूगोल पाहा. गाणं ताडदेवला नाहीतर महालक्ष्मीच्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं. चर्चगेटचं केंद्र तिथून ट्रामच्या पल्ल्यात. तिथे ते वाजत नव्हतं. वाजत होतं कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैनिकांसाठी उभारलेला तगडा ट्रान्समीटर रेडिओ सिलोनला आयताच मिळाला होता. ३ डिसेंबर १९५२ला त्यावर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईचा, ध्वनिमुद्रण मुंबईत, गाणी मुंबईची. टेप विमानाने कोलंबोला जायची, आणि तिथून तेच गाणं समुद्र ओलांडून बुधवारी रात्री परत गिरगावात यायचं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. मुंबईच्या माणसाला मुंबईचं गाणं आयात करून ऐकवण्याचा हा पराक्रम सरकारी धोरणातून झाला, नफा बिनाका टूथपेस्टच्या कंपनीला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, केसकरांना हसतात आणि थांबतात. मीही थांबलो असतो. पण एक अडचण आहे. चित्रपटगीत दाराबाहेर गेल्यावर आकाशवाणीकडे वेळ उरला आणि तो भरायला गाणी नव्हती. मग ती करावी लागली. केसकरांच्याच काळात केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवी, संगीतकार, वादक पगारावर नाहीतर करारावर घेतले गेले. २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालेल्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ सुरू केलं. सीताकांत लाडांनी कल्पना मांडली, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, चाली दिल्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोडं अधिक काळ, एकूण छप्पन्न. गदिमा आणि बाबूजी दोघेही पक्के सिनेमातले. ज्यांच्या धंद्याला मंत्र्यांनी पुढचं दार लावलं, त्याच माणसांना मागच्या दाराने बोलावून आकाशवाणीने आपलं सर्वांत मोठं काम करून घेतलं. पुढे बाबूजींनी त्याचे जाहीर प्रयोग केले तेव्हा समोर पेटी होती, हा आणखी एक गोड सूड.

मुंबईतही तेच घडत होतं. यशवंत देव आकाशवाणीच्या नोकरीत, मंगेश पाडगावकर काही वर्षं तिथेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘शुक्रतारा’ आलं, पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचा आवाज. हे गाणं आकाशवाणीवरून लोकांपर्यंत गेलं. तबकडी, कॅसेट, लग्नाचा हॉल हे सगळं नंतरचं. मराठी भावगीत म्हणून आज आपण ज्याच्या नावाने डोळे मिटून उसासे टाकतो, त्यातलं कितीतरी सरकारी स्टुडिओत, सरकारी चहा पीत, सरकारी बिलाच्या प्रतीक्षेत तयार झालं. म्हणजे मंत्रिमहोदयांनी चुकीच्या कारणासाठी चुकीची बंदी घातली, आणि तिच्यामुळे मराठीचं भलं झालं. केसकरांचे आभार मानायला जीभ रेटत नाही. पण त्यांना शिव्या घालणाऱ्याने घरातल्या भावगीतांच्या सीडी आधी बाहेर नेऊन ठेवाव्यात.

आता हेही खरं की त्या काळचं मुंबई केंद्र निव्वळ गाण्यावर चालत नव्हतं. ‘कामगार सभा’ होती, ‘वनिता मंडळ’ होतं, ‘आपली आवड’ होती. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भाऊजी आणि मीना वहिनी घरच्यासारखे होते. कामगाराला वेगळा कार्यक्रम द्यावा असं कुणाला तरी वाटत होतं. गिरण्या गेल्या, कामगार पांगला. आज तो जिथे राबत होता त्या लोअर परळमध्ये एफएमची चकाचक ऑफिसं आहेत आणि तिथून सकाळी जो कार्यक्रम सुटतो तो गाडीत एकट्या बसलेल्या माणसासाठी असतो.

सिलोनने श्रोते पळवले हे सरकारला कळायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली, चित्रपटगीतांसह. बंदी मागे घेतल्याचं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे बंदी मागे घेत नाहीत, तिच्या शेजारी नवं खातं उघडतात. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पहिली तीन केंद्रं कोणती? मुंबई, पुणे, नागपूर. रेडिओवर गाणं करण्यात महाराष्ट्र पुढे होता, ते विकण्यातही पहिला. गीतमाला अखेर १९८९मध्ये विविध भारतीवर आली, म्हणजे सदतीस वर्षांनी मुंबईचा कार्यक्रम मुंबईच्या सरकारी रेडिओला मिळाला. तोवर घरोघरी टीव्ही आला होता आणि लोक गाणी बघायला लागले होते.

पण विविध भारतीबरोबर एक गोष्ट गुपचूप बदलली. तयार चित्रपटगीत मिळत असताना नवं गाणं करायचं कशाला? विविध भारतीच्या आरंभासाठी पंडित नरेंद्र शर्मांनी गीत लिहिलं, अनिल विश्वासांनी चाल दिली, मन्ना डे गायले. सुरुवात तरी केलेल्या गाण्याने झाली. नंतर तबकडी कपाटातून काढायची, लावायची, परत कपाटात ठेवायची. भावगीतं काही वर्षं रेटून चालली. हळूहळू केंद्राचं काम गाणं करण्याऐवजी गाणं लावणं हे झालं. मुंबईच्या रेडिओच्या इतिहासातला खरा बदल मला विचाराल तर हाच. बाकीचे बदल नुसते लेबलांचे.

लेबलांची ती गंमत सुरू झाली १९९३मध्ये. आकाशवाणीने मुंबईच्या एफएमवरचे तास खासगी लोकांना भाड्याने दिले आणि टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे असे भाडेकरू आले. इंग्रजी पॉप, हिंदी पॉप, फोनवर खिदळणारे निवेदक. कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की रेडिओ आपला आहे. म्हणून १९९८मध्ये सरकारने करारच वाढवले नाहीत.

मधल्या काळात एक थोर वाक्य जन्मलं होतं. फेब्रुवारी १९९५मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या भांडणात, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारने निकाल शिरसावंद्य मानला आणि जनतेच्या मालमत्तेचा लिलाव काढला. मुंबईतल्या एका फ्रीक्वेन्सीची बोली वर्षाला पावणेदहा कोटी रुपयांवर गेली, वर दर वर्षी पंधरा टक्के वाढ. दुसऱ्या वर्षी सव्वाअकरा कोटींच्या आसपास, तिसऱ्या वर्षी तेराच्या घरात. जनतेला हिस्सा म्हणून काय मिळालं? पाच स्टेशनं, एकच गाणं.

२००२मध्ये रेडिओ सिटी, मिर्ची, गो, विन आणि रेड अशी रांग लागली, आणि थोड्याच दिवसांत मुंबईकराच्या लक्षात आलं की बटण फिरवण्याचे कष्ट वाया जातात. आठवड्यात जो सिनेमा लागला त्याचं गाणं इकडे संपलं की तिकडे सुरू. हे आळसामुळे झालं असं नाही. वर्षाला दहा-बारा कोटी आधीच सरकारजमा करायचे असतील तर सर्वांत जास्त कान कुठे आहेत तिथेच उभं राहावं लागतं, आणि तिथे पाचही जण उभे असतात. गो ९२.५ने जरा वेगळं धाडस केलं, इंग्रजीचा रंग ठेवला, शहरातल्या एका वर्गाला ते आवडलंही. पुढे त्याचं रेडिओ वन झालं, ठिकाण बदलून ९४.३वर गेलं, हिंदीत शिरलं, मग काही वर्षांनी पुन्हा इंग्रजी गाण्यांकडे वळलं. विन ९४.६ काही वर्षांतच बंद पडलं. १९३० कुणालाच आठवलं नव्हतं म्हणालो ते यासाठी.

२००५मध्ये सरकारने हिशेब बदलला. एकदाच प्रवेशमूल्य भरा, मग उत्पन्नातले चार टक्के द्या. त्याच वर्षीच्या २६ जुलैला मुंबई पाण्याखाली गेली, फोन मेले, वीज गेली, आणि अडकलेल्या माणसाला रस्ता कुठे बंद आहे, गाडी कुठे थांबली आहे, हे एफएमवाल्यांनी सांगितलं. नियमाप्रमाणे खासगी एफएमला बातम्या देण्याची मनाई होती. आजही आहे. २०१९पासून आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एक अक्षर न बदलता. पाणी तुंबल्याचं सांगणं ही बातमी की वाहतुकीची सूचना, यावर कुणी वाद घातला नाही ते नशीब.

स्वस्ताई आली तशी स्टेशनं वाढली आणि बाजारात विविधतेचं वारं सुटलं. सर्वांत मनोरंजक प्रकार १०४.८वर झाला. २००७च्या सुमारास तिथे ‘म्याव’ नावाचं स्टेशन आलं. हे म्हणे खास बायकांसाठी, गाणी कमी आणि गप्पा जास्त, देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. चर्चगेटच्या इमारतीत ‘वनिता मंडळ’ तेव्हा पन्नाशी ओलांडून बसलं होतं, पण ते मराठीत होतं, त्यामुळे मोजणीत येत नसावं. बायकांनी काय केलं ठाऊक नाही. जाहिरातदारांनी काही केलं नाही. मग म्यावचं ‘ओये’ झालं, गप्पा गेल्या, नाचरी गाणी आली. मग ओयेचं ‘इश्क’ झालं, नाचरी गेली, प्रेमाची आली. फ्रीक्वेन्सी तीच, मालक तेच, बहुतेक ट्रान्समीटरही तोच. आधी बाई, मग टपोरी, मग प्रेमिक. एवढे अवतार विष्णूनेही इतक्या घाईने घेतले नव्हते.

यानंतर सगळ्यांना एकदम जुनं आठवायला लागलं. बिग एफएम जुन्या गाण्यांकडे झुकलं आणि अन्नू कपूर किस्से सांगू लागले. रेडिओ नशा आलं, मॅजिक आलं, सगळ्यांची दुकानं सत्तर-ऐंशीच्या दशकांवर. पाटी ‘रेट्रो’. ही गाणी नवी होती तेव्हापासून विविध भारती लावत होती आणि आजही लावते, पण तिच्याकडे पाटी नाही. जुनं गाणं सरकारी निवेदकाने सांगितलं तर ते जुनाट आणि तेच कुणी खर्जातला आवाज काढून सांगितलं तर रेट्रो, असा शहरी नियम आहे.

हे बाज ठरतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. फोन करून लोकांना गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात. आवडतं का, कंटाळा आला का, विचारतात. त्यातून काही शे गाण्यांची यादी निघते. ती संगणकाला देतात आणि तो ठरवतो की कुठलं गाणं दिवसात किती वेळा, कुणाच्या पाठोपाठ. निवेदकाच्या हातात गाणं नसतं, त्याच्या हातात दोन गाण्यांमधली फट असते. श्रोते मोजण्यासाठीही २००७पासून एक पद्धत आली, त्यात शहरातल्या जेमतेम पाचशे लोकांनी आपण कधी काय ऐकलं ते डायरीत लिहायचं. कोटीच्या वर माणसांच्या मुंबईचा कान एका लग्नाच्या पंगतीत मावला. बरं, गाणी महाग पडतात म्हणून यादी आखूड, ही सबबही ऐकवली जायची. २०१०मध्ये कॉपीराइट बोर्डाने संगीत कंपन्यांना द्यायचा मोबदला स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणला. गाणी स्वस्त झाली. यादी तेवढीच राहिली.

आणि मराठी? मुंबईच्या खासगी एफएमवर मराठी का वाजत नाही, असं विचारलं की उत्तर तयार असतं, मुंबई कॉस्मोपॉलिटन आहे. बेंगळुरू काय खेडं आहे? देशातल्या खासगी एफएमची सुरुवात २००१मध्ये तिथेच झाली, हिंदी-इंग्रजीनेच झाली, आणि तरीही तिथली मोठमोठी स्टेशनं पुढे कन्नडकडे वळली. तिथल्या कंपन्याही बऱ्याचशा याच, मुंबईत ऑफिस असलेल्या. म्हणजे त्यांना स्थानिक भाषेचं वावडं नाही, धंदा दिसला की ते कुठलीही भाषा बोलतात. कन्नड श्रोत्याने बटण फिरवलं. आपण फिरवलं नाही. आपण फोन लावून निवेदकाशी हिंदीत बोललो, हिंदी गाणं मागितलं आणि फोन ठेवून मराठीच्या गळचेपीबद्दल व्हॉट्सअॅपवर लिहिलं. अधूनमधून अजय-अतुल आले की दार किलकिलं होतं. २०१६मध्ये ‘झिंगाट’ने ते लाथ मारून उघडलं. दोन वर्षांत त्याची हिंदी आवृत्ती निघाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या एका एफएम स्टेशनने एक मराठी गाणं केलं. लावलं नव्हे, केलं. २०१७च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या मलिष्काने ‘सोनू’च्या गाजलेल्या गाण्यावर विडंबन रचून महापालिकेच्या खड्ड्यांवर म्हटलं. हिंदी स्टेशन, पण शिव्या मराठीत, कारण महापालिकेला त्याच कळतात. गाणं घरोघरी पोचलं. प्रतिसादही तत्पर आला. पालिकेचं पथक तिच्या घरी गेलं, तिथे डासांच्या अळ्या सापडल्या, नोटीस निघाली. रेडिओवरच्या गाण्याची सत्तेने इतकी तातडीने दखल केसकरांनंतर पहिल्यांदाच घेतली. कुणी मान्य करो न करो, ते गाणं त्या शहराचं होतं, त्या आठवड्याचं होतं, आणि स्टेशनने स्वतः केलेलं होतं. लोकांना ते लक्षात आहे. त्या महिन्यात संगणकाने दिवसातून दहादा वाजवलेलं गाणं कुठलं होतं, ते संगणकालाच विचारा.

आता कामाचं. २३ जुलै २०२७ला मुंबई केंद्राला शंभर वर्षं होतील. समारंभ होईल, दीपप्रज्वलन होईल, टपाल तिकीट निघेल, जुन्या आवाजांच्या आठवणींनी गहिवर येईल. एखादे मंत्री सांगतील की लहानपणी ते काय ऐकायचे. खासगीवाले त्या दिवसापुरतं सगळं रेट्रो करतील. यातलं काही टाळता येणार नाही, पण त्याबरोबर एक गोष्ट करून घेता येईल. पुणे केंद्राने १९५५मध्ये, सुरू होऊन दोन वर्षंही झाली नसताना, वर्षभर आठवड्याला एक नवं मराठी गाणं केलं. शंभरीतल्या मुंबई केंद्राने तेवढंच करावं. बावन्न गाणी, आजचे कवी, आजचे संगीतकार, शुक्रवारी एक. वाईट निघाली तर निघाली, छप्पन्नच्या छप्पन्न गाणी तेव्हाही सारखी गाजली नव्हती.

हे मागण्यासाठी पत्र लिहावं लागेल. झुमरी तलैयाच्या लोकांनी नुसती रेडिओला फर्माइशीची पत्रं पाठवून आपल्या गावाचं नाव देशभर नेलं, आपल्याला एक केंद्र हलवायचं आहे. साधं पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. पत्ता नीट घाला, ‘आकाशवाणी केंद्र, चर्चगेट, मुंबई’. नुसतं ‘आकाशवाणी’ लिहू नका. त्या नावाचं आमदार निवास जवळच आहे, आणि २०२५च्या जुलैत तिथल्या कँटीनमध्ये एका आमदारांनी डाळ विटली म्हणून कर्मचाऱ्याला बदडलं तेव्हापासून बऱ्याच लोकांना आकाशवाणी म्हटलं की तेच आठवतं. कार्डावर आवडत्या जुन्या गाण्याची फर्माइश करू नका. नवं गाणं मागा.